खोक्यात भिंग, भिंतीवर अंधार

पुठ्ठ्याचं खोकं, पुढे एक भिंग, मागे मोबाइल अडकवायला खाच. किंमत काहीशे रुपये. जाहिरातीत मात्र भिंतभर क्रिकेटचा सामना, हिरवंगार मैदान आणि वर ठळक आकडा : 100 इंच! घरच्या घरी जोडायच्या या प्रोजेक्टरचा उपयोग होतो का, असं लोक विचारतात. चित्र उमटतं. सिनेमा बघता येत नाही. जाहिरातीतलं ते झगझगीत चित्र या खोक्यातून निघालेलं असूच शकत नाही, आणि ते छापणारे ग्राहकाला फसवतात.

दोष भिंगाचा नाही. आत पुरेसा प्रकाशच नाही.

हिशेब करून बघा. साडेसहा इंची मोबाइलचा पडदा 500 निट्सवर ठेवला, तर त्यातून सगळा मिळून सोळाएक लुमेन प्रकाश बाहेर पडतो. नऊ वॉटचा साधा एलईडी बल्ब आठ-नऊशे लुमेन देतो. शिवाय ते सोळा लुमेन चारी दिशांना सांडतात. लहानशा भिंगाच्या वाट्याला त्यातला थोडासाच भाग येतो, बाकीचा पुठ्ठ्यात जिरतो. भिंतीपर्यंत पोचतो जेमतेम अर्धा-एक लुमेन. तो 100 इंचांवर पसरला की चित्रातला सर्वांत पांढरा भागसुद्धा पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजळ दिसतो. मग त्या चित्रातल्या सावल्या, केसांचा काळेपणा, संध्याकाळचं आभाळ कुठून दिसणार? खिडकीची एक फट उघडी राहिली तरी सामना संपला.

दुसरी गोष्ट उलट्या चित्राची. सोबतच्या कागदावर ‘मोबाइल उलटा ठेवा’ असं लिहिलेलं असतं. तसं केल्यावर माणसं पायांवर उभी राहतात खरी, पण डाव्याचं उजवं होतं. उजव्या हाताचा फलंदाज डावखुरा होतो आणि धावफलकावरची अक्षरं उलटी दिसतात. ती सरळ करायला चित्र आरशासारखं पलटवणारं अ‍ॅप लागतं. हे खोक्यावर छापायला काय हरकत होती?

आमच्या पिढीतल्या पोरांनी याहून सरस प्रोजेक्टर फुकटात केला होता. गेलेल्या बल्बचं पोट रिकामं करून त्यात पाणी भरायचं, की झालं भिंग. थिएटरच्या मागे सापडलेला फिल्मचा तुकडा त्याच्यामागे धरायचा आणि अंगणातल्या मित्राने आरशातून उन्हाचा कवडसा आत सोडायचा. खोलीत नायिका भिंतीवर दिसायची, तीही रंगांत. हे साधायचं उन्हामुळे. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं आणि त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे नखाएवढ्या फिल्मवर पडलेला बराचसा प्रकाश भिंगातून सरळ भिंतीवर जातो.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले, त्यातही तत्त्व हेच. हाताने रंगवलेली काच, तिच्यामागे दिवा, पुढे भिंग. त्या माणसांनी आधी दिव्याचा विचार केला, आणि म्हणून सभागृहभर लोक ते खेळ बघू शकले. सव्वाशे वर्षांनी आपण भिंग घेतलं आणि दिवा विसरलो!

पुठ्ठ्याच्या खोक्याहून मोठं किटही मिळतं. 100 वॉटचा एलईडी, दोन फ्रेनेल भिंगं, जुन्या टॅबचा सोललेला एलसीडी पडदा, पंखा, हीटसिंक. हे खरोखर चालतं, मी ते नाकारणार नाही. पण एलसीडी पडद्यातले ध्रुवक आणि रंगगाळण्या मिळून नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश गिळतात. त्या गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते. पंखा कमी पडला की पडदा करपतो, पुरेसा लावला की घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत. पूर्ण काळोख्या खोलीत शे-दोनशे लुमेनचं चित्र मिळालं तर कारागिराने खूश व्हावं. सोल्डरिंगची आवड असेल, तर खुशाल करा. स्वस्तात पडतं म्हणून करू नका, कारण सुटे भाग, वाया गेलेला एखादा पडदा आणि दुसरा पंखा धरला की पैसे वाचत नाहीत.

त्याच पैशांत, किंवा थोडे जास्त टाकून, एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना प्रोजेक्टर बघा. दोन-अडीच हजार लुमेनचं यंत्र दिवा थोडा मंदावला तरी या खोक्यांना कुठल्या कुठे मागे टाकतं. घेताना तो दिवा किती तास जळलाय, हे मेनूत उघडून बघा आणि नवा दिवा केवढ्याला पडतो, तेही विचारा.

नवा स्वस्त प्रोजेक्टर घेणाऱ्यांनी ‘9000 लुमेन’ या शब्दांवर विश्वास ठेवू नये. ‘एएनएसआय लुमेन’ किती, एवढंच विचारावं. त्या मोजणीत पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाचा उजेड मोजतात आणि सरासरीला क्षेत्रफळाने गुणतात. ‘1080पी सपोर्ट’ असं लिहिलेलं असेल, तर मूळ रेझोल्यूशन किती, तेही विचारावं. ‘सपोर्ट’ म्हणजे तेवढं चित्र यंत्र आत घेतं. भिंतीवर तेवढं तपशीलवार दाखवेलच असं नाही.

पुठ्ठ्याचं खोकं आणायचंच असेल तर शाळेत आणा. दहावीच्या पुस्तकात भिंगांचा धडा आहे. वास्तव प्रतिमा उलटी का, भिंत दूर नेली की चित्र मोठं होऊन मंद का होतं, हे मुलांना त्या खोक्यातून अर्ध्या तासात कळतं. तेवढ्यासाठी किटही नको. बुटांचं रिकामं खोकं आणि वाचायचं भिंग पुरतं.