आठ दिवसांत व्हा बालबुद्धिबळ प्रशिक्षक

सोसायटीच्या क्लबहाउसमधलं एक टेबल, दोन पट आणि भिंतीवर विश्वनाथन आनंदचा फोटो एवढं भांडवल पुरे. बाकी कृती पुढीलप्रमाणे.

१. प्रवेश : पालकांचा पहिला प्रश्न असतो, "रेटिंग कधी येईल?" पोराला अजून घोड्याची अडीच घरं मोजता येत नाहीत, हे मनातच ठेवा. "चुणूक आहे हो!" म्हणा आणि तीन महिन्यांची फी आगाऊ घ्या. विदित गुजराथी नाशिकचा, दिव्या देशमुख नागपूरची, हेही बोलता बोलता पेरा. त्यांचा तुमच्याशी संबंध काय, असं कुणी विचारत नाही.

२. पहिला धडा : जुना जगज्जेता कापाब्लांका सांगायचा, आधी डावाचा शेवट शिका, राजा आणि एखादं प्यादं घेऊन बसा. त्याला फी भरणाऱ्या पालकांना तोंड द्यायचं नव्हतं. तुम्ही थेट चार चालींची मात शिकवा : प्यादं ई-४, वजीर एच-५, उंट सी-४, मग वजिराने एफ-७ चं प्यादं मारून मात. त्याच संध्याकाळी पोरगं आजोबांना हरवेल आणि आजोबा बातमी कट्ट्यावर नेतील. जाहिरातीचा खर्च वाचला. पुढे कुणीतरी शांतपणे घोडा सी-६ ला काढेल, जी-६ ने वजिराला हुसकावेल आणि तुमचा विद्यार्थी पटभर वजीर पळवत बसेल. तेव्हा म्हणा, "आज एकाग्रता कमी पडली."

३. हात : लहान मुलांचा हात डोक्याच्या आधी चालतो आणि स्पर्धेत हात लावलेली सोंगटीच खेळावी लागते. यावर जुना उपाय म्हणजे मुलांना स्वतःच्या हातांवर बसवणे. तो खरोखर लागू पडतो. पण वर्ग शांत झाला की शिकवणं बंद पडलंय असं बाहेर बसलेल्या आयांना वाटतं, तेव्हा जपून वापरा.

४. इंजिन : गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला २५०० रेटिंगच्या आसपास पोहोचेपर्यंत चाली तपासणाऱ्या संगणकी इंजिनापासून लांब ठेवलं. २०२४ मध्ये तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. एवढी वाट कोण बघणार? तुम्ही पहिल्याच आठवड्यात मोबाइल हातात द्या. चूक कुठे झाली ते यंत्र सांगेल, का झाली हे कुणीच विचारणार नाही.

५. स्पर्धा : पोर हॉलबाहेर येताच, चप्पल पायात सरकवायच्या आत विचारा, "वजीर फुकट का दिलास?" रडू आलं तर वडील आहेतच, तेही हाच प्रश्न विचारतील.

सावधान : नुसती प्यादी मांडून तासभर खेळवणारा, मुलांकडून डाव वहीत लिहून घेणारा आणि हरलेल्या पोराला आधी वडापाव खाऊ देणारा प्रशिक्षक तुमच्या भागात आढळला, तर वेळीच तिथून क्लास हलवा. त्याच्याकडे मुलं बुद्धिबळ शिकतात.