सज्ञान व्यक्ती सोबत हवी

२५ मार्च २०२०ला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वंही आली. त्यात एक अट आहे: रुग्ण अल्पवयीन असेल तर सोबत सज्ञान माणूस हवा आणि त्याची ओळख पटवून घेतलेली हवी. अट रास्तच. मुलुंडच्या वन-बीएचकेत अडचण एवढीच, की म्यूट काढणं, कॅमेरा उलटा करणं ही कामं जमतात ती त्या अल्पवयीन रुग्णालाच. आम्ही सज्ञान मंडळी मागे उभी राहून ‘ऐकू येतंय का?’ विचारतो.

मग घसा. आईच्या हातात फोन, बाबांकडे टॉर्च, आजीकडे चमचा. ‘मोठ्ठा आ कर, बाळा.’ बाळाने आ केला आणि नेमकं चित्र गोठलं. डॉक्टरांना दिसला तो बाबांचा अंगठा. तो निरोगी निघाला. पुरळ लाल की गुलाबी, हे ट्यूबलाइटमध्ये ठरेना, म्हणून सगळी वरात गॅलरीत. तिथे शेजारच्या काकूंनी फुकटात निदान केलं: घामोळं.

औषधाच्या मात्रेसाठी वजन हवं होतं. आधी बाळाला कडेवर घेऊन काट्यावर, मग एकट्याने, मग वजाबाकी. या हिशेबात बाबांचं खरं वजन घरात प्रथमच जाहीर झालं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘एकदा प्रत्यक्ष आणून दाखवा.’ फी समोरासमोरच्या तपासणीइतकीच. तत्त्वांत तीही मुभा आहे. दवाखाना आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे.