मॉरिशस, पण घरच्यासारखा

आमच्या घरी मॉरिशसला जायचं ठरलं ते ‘जरा बदल हवा’ म्हणून. ठरलं त्या संध्याकाळपासून सगळं घर एकाच कामाला लागलं : हा बदल कमीत कमी कसा होईल ते पाहणे.

आधी वाद महिन्यावरून. भाच्याने मोबाईलमधून मान वर न करता जाहीर केलं, “तिकडे ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि त्यातच चक्रीवादळं.” काकांनी कॅलेंडरवर दिवाळी आणि नाताळ एका दमात खोडले. उरला मे. “मेमध्ये तिथे हिवाळा सुरू होतो,” असं भाचा म्हणायचा अवकाश, सासूबाईंनी माळ्यावरून कानटोप्या काढल्या. किनाऱ्यावर दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास असतं, पुण्यात एवढ्यासाठी लोक एसी लावतात, हे सांगून झालं. कानटोप्या बॅगेतच राहिल्या.

मग हॉटेल. हिवाळ्यात तिथे आग्नेयेकडून वारे वाहतात आणि पूर्व किनारा झोडपून काढतात. म्हणून ग्रँड बे, ट्रू ओ बिश असा वायव्येचा किनारा बरा. इथवर एकमत झालं. पण काकांनी अट घातली, “खोली दक्षिणेकडची नको, दुपारचं ऊन येतं.” त्यावर भाचा म्हणाला, “काका, मेमध्ये तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो.” काका बराच वेळ बोलले नाहीत. घड्याळ दीड तास मागे करायला त्यांची हरकत नव्हती. पण साक्षात सूर्याने आपल्याला न विचारता दिशा बदलावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

व्हिसाची चिंता नव्हती. भारतीय पर्यटकांना तो आधी काढावा लागत नाही. त्यामुळे वाचलेली सगळी चिंता खाण्याकडे वळली. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाकरीचं पीठ, चकल्या. हापूसची पेटी मात्र अडली, कारण परवान्याशिवाय ताजी फळं त्या देशात नेता येत नाहीत. “आंब्यांशिवाय मे महिना?” सासूबाईंनी असं विचारल्यावर सहल रद्द होते की काय असं वाटलं. तेवढ्यात कळलं, की तिथे रस्तोरस्ती डाळपुरी मिळते. शिजवून वाटलेली पिवळी डाळ पोळीत भरतात आणि रश्शाबरोबर, चटणीबरोबर खातात. सासूबाईंनी फोटो निरखून निकाल दिला, “पुरणपोळीच आहे. गूळ घालायला विसरलेत.”

सहल वाचली. आत्याबाईंना देऊळ हवं होतं, तर गंगा तलावाकाठी १०८ फुटी शंकर निघाला. रुपया आहे, पण त्यांचा वेगळा. गाड्या डावीकडूनच धावतात. गणेश चतुर्थीला तर चक्क सरकारी सुट्टी! “मग गणपतीतच जाऊ,” काका म्हणाले. “आणि आपल्या घरच्या गणपतीला काय, शेजाऱ्यांकडे ठेवायचं?” आत्याबाईंनी मे कायम केला.

या सगळ्या धांदलीत यादीच्या तळाशी एक नाव गेलं होतं : पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. युनेस्कोने २००६ साली त्याला जागतिक वारशात घेतलं. १८३४पासून हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांसाठी नेलेले करारबद्ध मजूर याच बंदरात उतरले. त्यांत मुंबईहून जहाजात चढलेली कोकणातली माणसंही होती. त्यांनी ना समुद्रदर्शनी खोली मागितली होती, ना त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना परतीचा प्रवास घडला. आजची चतुर्थीची सुट्टी त्यांच्यामुळे आहे. त्यांनी तिकडे गणपती रुजवला. आम्ही पाच दिवसांसाठी मेतकूट नेतोय.

मी घाट यादीत सगळ्यात वर आणला. सप्तरंगी माती पाहायला शामारेलला दुसऱ्या दिवशी जाता येईल.

तुम्ही जाणार असाल तर मेमध्ये जा, पश्चिमेचा किनारा धरा आणि चकल्या घरीच संपवा. घरच्यासारखं करायची जबाबदारी तुमच्यावर नाही. कोकणातल्या माणसांनी ते काम दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू केलंय, तेही वजनाची मर्यादा न ओलांडता.