पैसे नकोत, माणूस आणा

शेजारच्या वहिनींच्या भाच्याने पार्किंगच्या भांडणात बॅट उगारली आणि ती समोरच्याच्या मनगटावर बसली. हाड मोडलं, कलम अजामीनपात्र लागलं. हा शब्द कानावर पडताच वहिनींनी देव पाण्यात ठेवले. त्यांच्या हिशेबाने पोरगा आता केस पिकल्यावरच घरी येणार होता. वकिलांनी समजावलं, की जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो; अजामीनपात्र गुन्ह्यात तो मागावा लागतो आणि द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं.

"मिळू शकतो, तर मग 'अ' कशाला लावलाय?" वहिनींनी विचारलं. वकिलांनी घड्याळ पाहिलं.

जामीन मंजूर झाला. वकिलांनी आदेश एका दमात वाचला : पंधरा हजारांचा पी. आर. बॉन्ड, विथ वन ऑर टू शुअरटीज इन द लाइक अमाउंट. यातलं 'पंधरा हजार' तेवढं सगळ्यांना कळलं. वहिनींचा भाऊ पाचशेच्या नोटांची पिशवी घेऊन थेट खिडकीशी. कारकुनाने पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पैसे नकोत, माणूस आणा." सरकारी खिडकीतून 'पैसे नकोत' ऐकून भावाला भोवळ यायची बाकी होती.

बॉन्ड म्हणजे नुसता लेखी शब्द : तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर पंधरा हजार भरीन. आपल्याकडे त्याला जातमुचलका म्हणतात. शुअरटी म्हणजे जामीनदार; तो तेवढ्याच रकमेचा शब्द स्वतःच्या ऐपतीवर देतो. पैशांचा प्रश्न येतो तो पोरगा गायब झाल्यावर. आणि गंमत अशी, की १९७३च्या फौजदारी संहितेत 'जामीनपात्र गुन्हा' म्हणजे काय ते लिहिलं होतं, 'जामीन' म्हणजे काय ते नव्हतं! व्याख्या आली ती १ जुलै २०२४ला लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत. तिच्यात जामीनदार असेल तर बेल बॉन्ड, नसेल तर साधा बॉन्ड.

खरी मेख माणसात आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहायला तयार होता. पण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नामंजूर. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे सगळं मोडीत काढून त्याला स्वतःच्या हजार रुपयांच्या बॉन्डवर सोडलं. गरिबाच्या शब्दालाही किंमत असते, असं कुणीतरी कोर्टाच्या कागदावर मांडायला हवंच होतं.

आमचा जिल्हा तोच होता, तरी माणूस मिळेना. एका मेहुण्यांचा फ्लॅट निघाला बायकोच्या नावावर. दुसऱ्यांना त्याच दिवशी शिर्डी गाठायची होती. तिसरे भाड्याने राहतात, हे त्या दुपारी प्रथमच उघड झालं. त्यांच्या 'वास्तुशांती'चं जेवण आम्ही सगळे जेवलो होतो.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, पगाराची स्लिप घेऊन कोर्टासमोर उभा राहिलो. "आरोपीला किती वर्षं ओळखता?" लहानपणी याने माझ्या खिडकीच्या काचा फोडल्यात, हे ओठांवर आलं होतं. "लहानपणापासून," म्हणालो. "पळाला तर रक्कम तुम्हाला भरावी लागेल, माहीत आहे?" मी होकार दिला. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "माझ्या भावाला पाच हजार उसने देताना तीन दिवस विचार केला होतात."

संध्याकाळी भाचा सुटला. आल्या आल्या वाकून नमस्कार केला, डोळे पुसले आणि म्हणाला, "काका, तुमचे पेपर आता तयारच आहेत, तर माझ्या बाइकच्या लोनलाही गॅरंटर राहाल का?"