वासरासकट परत

उसनी दिलेली वस्तू परत मागताना मालकच चोरासारखा ओशाळतो. ‘घाई नाही रे, पण तुझं काम झालं असेल तर ती शिडी...’ शिडी नेणारा मित्र मात्र भुवया उंचावून विचारतो, ‘तुझी होती का ती?’

कायद्याला अशी भीड नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १६० सांगतं की, मुदत सरली किंवा काम झालं की वस्तू परत करायची. तीही न मागता! कलम १६३ त्याहून उदार. सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर गाईबरोबर वासरूही मालकाला द्यायचं. (उदाहरण खुद्द कायद्यातलंच आहे.) या हिशेबानं नेलेल्या डब्यातून निदान चार चकल्या यायला हव्यात. प्रत्यक्षात डबा येतो तो झाकणाशिवाय. तोही आला तर.

मोठ्यांचीही तीच तऱ्हा. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावावर न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीत ५ ऑक्टोबर १७८९ रोजी राष्ट्रांच्या कायद्यावरचं एक पुस्तक नोंदलं गेलं. कायद्यावरचं, बरं का! ते परत आलंच नाही. अखेर २०१० मध्ये त्यांच्या माउंट व्हर्नन या घराची देखभाल करणाऱ्या संस्थेनं त्याच आवृत्तीची दुसरी प्रत मिळवून दिली. सव्वादोनशे वर्षांच्या आसपासचा दंड ग्रंथालयानं माफ केला.

ग्रंथालयाकडे निदान नोंदवही होती. मित्राला ड्रिल मशीन देणाऱ्याकडे तीही नसते. तेव्हा वाचकहो, वस्तू देताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि फोटोत मित्रही येऊ द्या.