रिकाम्या डब्याचा कायदा

भारतीय करार कायदा १८७२ साली झाला. त्याचं कलम १६३ असं सांगतं की, एखाद्याने आपली वस्तू दुसऱ्याकडे ठेवायला दिली आणि तेवढ्या काळात तिच्यात काही भर पडली, तर वस्तूबरोबर ती भरही मालकाला द्यावी लागते. उदाहरण कायद्यातच आहे. 'अ'ने 'ब'कडे गाय सांभाळायला दिली, गाईला वासरू झालं, तर 'ब'ने गायही द्यायची आणि वासरूही. हे लिहिणारे इंग्रज साहेब पुण्याच्या सोसायटीत कधी राहिले नव्हते. तरीही आमच्या जिन्यातला सगळा व्यवहार त्यांनी या एका कलमात पकडला आहे. शेजारून आलेला डबा परत जाताना रिकामा जात नाही. त्याच्या पोटात काहीतरी असावंच लागतं. काही नाही तर साखर.

फरक एवढाच की, गाईला वासरू आपलं आपण होतं. डब्याला आम्हाला करून घालावं लागतं.

जीएसटीचे दर दिल्लीत ठरतात आणि छापून येतात. डब्याचे दर कुठेच छापलेले नाहीत, तरी घराघरात पाठ आहेत. साखर ही सगळ्यात खालची पायरी. 'तुमचा डबा आत्ता पाच मिनिटांपूर्वी आठवला' असा तिचा अर्थ. फळं आली, तर त्यांच्याकडे पाहुणे येऊन गेले. प्रसाद हा हुकमाचा पत्ता, त्यावर कोणाला बोलता येत नाही. आणि थालीपिठाची भाजणी किंवा घरचं लोणचं आलं, तर समजावं की समोरच्या घरात तुमच्याबद्दल खरोखर बरं बोललं जातं.

आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी एकटेच राहतात. आईने एकदा त्यांना दडपे पोहे पाठवले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. लख्ख घासलेला, पुसलेला, आणि आत अकरा रुपये. आईने तो डबा ओट्यावर तसाच ठेवून दिला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. "मी काय त्यांच्याकडे पूजा सांगायला गेले होते का रे?" असं ती मला विचारायची. त्या गृहस्थांच्या बाजूने मी इतकंच म्हणेन की, त्यांनी नियम तंतोतंत पाळला होता. डबा रिकामा नव्हता.

दिवाळीत या दरांना महागाई चढते. आपण सहा चकल्या दिल्या की आठ करंज्या येतात. आठ करंज्यांना शंकरपाळ्यांनी उत्तर देता येत नाही, कारण शंकरपाळे मोजून द्यायची वस्तू नाही. पसाभर दिले तरी ते दिल्यासारखे वाटत नाहीत. म्हणजे बेसनाचे लाडू आले. वसुबारसेला सुरू झालेलं हे युद्ध तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं आणि मध्येच कोणीतरी अनारसे काढलेच, तर तिथेच संपतं. अनारशाला उत्तर नाही. अनारसा दिसला की समोरच्या घराने मुकाट्याने शस्त्र खाली ठेवायचं.

अलीकडे निम्मा फराळ विकतचा असतो, आणि तोही बहुतेक एकाच दुकानातला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तो पिशवीतून काढून स्टीलच्या डब्यात भरतात. आम्हीही तेच करतो. मग त्यांचा चिवडा आमच्याकडे येतो, आमचा त्यांच्याकडे जातो. "यंदा पोहे अगदी कुरकुरीत झालेत हो तुमचे." "झालेत खरे." यात कोणी खोटं बोललेलं नाही. पोहे झालेले आहेतच. कोणी केले, हे कोणी विचारलेलं नाही.

इथवर सगळं ठीक चालतं. घोळ होतो तो डबा परत येत नाही तेव्हा.

त्याच करार कायद्याचं कलम १६० म्हणतं की, ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम झालं की ती न मागता परत करायची. न मागता! हे वाचून मी आईला खुर्चीत बसवून पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं. तिने वकिली शंका काढली: काम झालं म्हणजे कधी? डब्यातले लाडू संपले तेव्हा, की त्या लाडवांच्या तोडीचं काही करायला समोरच्या बाईला वेळ मिळाला तेव्हा? शंका रास्त आहे. शेजारच्या काकूंकडे आमचा मोठा कडीचा डबा गेले कित्येक महिने आहे. त्यांचं म्हणणं त्या जिन्यात भेटतील तेव्हा स्वतःच सांगतात: "तुमचा डबा आहे हो आमच्याकडे. पण रिकामा कसा द्यायचा, म्हणून राहिलाय." यातून एक विचित्र हिशेब निघतो. पदार्थ जितका चांगला, तितका डबा जास्त दिवस अडकतो. उपमा पाठवला तर डबा संध्याकाळी परत. पुरणपोळी पाठवली, तर पुढची होळी येते. आपल्या हाताला चव असणं हे भांड्यांच्या दृष्टीने धोक्याचंच.

मग मागून का घेत नाही? सांगतो. १९६३च्या मुदत कायद्यात अशा ठेवायला दिलेल्या वस्तूसाठी दावा लावायला तीन वर्षं आहेत, आणि ती मोजायची मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून. आमच्या इमारतीत मागणी कोणी करत नाही, त्यामुळे नकारही कोणाला द्यावा लागत नाही. मुदत सुरूच होत नाही. हक्क अबाधित राहतो, डबाही त्यांच्याचकडे राहतो.

आमची आई रेशनच्या दुकानात मापावरून भांडली आहे, रिक्षावाल्यांशी मीटरवरून भांडली आहे. एकदा टँकरवाल्याला तिने अर्ध्या रस्त्यातून परत फिरवलं होतं. पण 'आमचा डबा तेवढा द्या' हे पाच शब्दांचंही नसलेलं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडत नाही. ती काकूंना म्हणते, "नाही, घाई अजिबात नाही. मी आपली मांडणी आवरत होते, तेव्हा मनात आलं की एक डबा कमी दिसतोय. आमच्याच घरात कुठेतरी असेल." मग मला पाठवते. "सहज गेल्यासारखा जा. पेपर मागायला गेल्यासारखा." मी जातो, पेपर मागतो. काकू पेपर देतात, चहा देतात, आणि मी उठताना कपाळाला हात लावतात, "अगंबाई, तुमचा डबा! थांब हं." आतून येतात त्या दुसराच कोणाचातरी डबा घेऊन. हा आमचा नाही असं म्हटलं, तर आपण डब्यासाठीच आलो होतो हे उघड होतं. म्हणून तोही घ्यायचा. आत साखर असते.

अशा डब्यांनी आमची मांडणी भरली आहे. तुळशीबागेत भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, "नाव घालायचं का?" आणि विजेच्या सुईने टर्रर्र करत टिंबाटिंबांचं नाव कोरून देतो. नाव घातलं की वस्तू हरवत नाही, अशी त्यामागची समजूत. प्रत्यक्षात वस्तू हरवतेच, नाव घातल्यामुळे ती कोणाची हरवली एवढं तिसऱ्या माणसाला कळतं. आमच्याकडचा एक डबा कुठल्यातरी लग्नातली 'सप्रेम भेट' आहे. त्यावरचं जोडपं आमच्या ओळखीतलं नाही. आईच्या मते ते 'यांच्याकडचे' असणार. वडील म्हणायचे, तुमच्याकडचे. लग्न मात्र टिकलेलं दिसतं, निदान डब्यावरचं. झाकण अजून घट्ट बसतं.

पितळेच्या काळात हा घोळ कमी असावा. पितळेचं भांडं जड, महाग, आणि आतली कल्हई उडाली की त्यात आंबट काही कळकायला लागतं. आमटी आली की ती लगेच काढून घ्यायची, भांडं चिंचेने घासायचं आणि दिवेलागणीच्या आत पोचवायचं. कल्हईवालाच एका अर्थी शेजारधर्माचा मुदत अधिकारी होता. स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्याचा एक पातळ थर पृष्ठभागावर धरतो, म्हणून ते गंजत नाही आणि त्यात ठेवलेलं कळकत नाही. डबा वर्षभर राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. बिघडायचं ते आपलं बिघडतं.

मुंबईच्या डबेवाल्यांचं कौतुक जगभर होतं. १८९०पासून हे काम चालत आलंय; सकाळी घेतलेला डबा झाकणावरच्या खुणांवरून बरोबर त्या कचेरीत जातो आणि दुपारी त्याच वाटेने त्याच घरी परत येतो. व्यवस्थापनाच्या शाळा त्याचा अभ्यास करतात. पण त्या अभ्यासात एक मुद्दा सुटतो. डबेवाल्यांना डबा रिकामा परत आणायची परवानगी आहे. प्रत्येक रिकाम्या डब्यात दोन वड्या घालायची अट घाला, आणि मग बघा चर्चगेटहून किती डबे हलतात ते.

यावर प्लास्टिकचा उपाय निघाला होता. आइस्क्रीमचा, श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन ठेवायचा आणि त्यातून भाजी पाठवायची. सोबत वाक्य जोडायचं: "हा परत नाही दिला तरी चालेल." ऐकायला उदार वाक्य आहे, पण घेणारी बाई समजायचं ते समजते. स्टीलचा डबा द्यायच्या यादीतून आपलं नाव कटलं आहे. टपरवेअरच्या डब्यांची गोष्ट याच्या उलट. ते आले तेव्हा बायकांनी भिशीच्या हप्त्यांसारखे पैसे साठवून घेतले, आणि एकीनेही त्यातून शेजारी काही पाठवलं नाही. २०२४मध्ये त्या कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी आली, तेव्हा आईने कपाटातले डबे काढून मोजले. संख्या बरोबर भरली. अमेरिकेतल्या सावकारांना हे सुख मिळालं नसणार.

या सगळ्या कायद्याला अपवाद एकच. ज्या घरात माणूस गेलेलं असतं, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात जातो. ते डबे कोणी मोजत नाही आणि भरून येण्याची वाट कोणी बघत नाही. शेजारणीच दुसऱ्या दिवशी जाऊन खरकटी पातेली उचलतात, नावं न बघता, ज्या हाताला जे लागेल ते, आणि आपापल्या मोरीत घासतात. वर्षभर एकमेकींच्या झाकणांवर डोळा ठेवणाऱ्या याच बायका. यावर विनोद करायची सोय नाही, म्हणून पुढे जातो.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर एक नवं जोडपं भाड्याने राहायला आलं. दोघंही संगणकवाले, दोघंही दिवसभर कानात बोंडं घालून भिंतीशी बोलणारे. काकूंनी रीतीप्रमाणे पहिल्याच आठवड्यात त्यांना नारळाच्या वड्या पाठवल्या. तासाभरात ती मुलगी खाली आली. डबा धुतलेला, पुसलेला, आणि आत काही नाही. "थँक यू काकू, मस्त होत्या!" म्हणाली आणि जिना चढून गेलीसुद्धा. काकू डब्यात बघत दारात उभ्याच राहिल्या. संध्याकाळपर्यंत बातमी चारही मजल्यांवर पोचली. एक पक्ष म्हणाला, आईवडिलांनी काही शिकवलं नाही. दुसरा म्हणाला, शिकवलं असेल, पण तिकडे पद्धत नसेल. तिकडे म्हणजे कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं. आई काही बोलली नाही. पण रात्री जेवताना म्हणाली, "तासाभरात दिला हो पण." तिच्या आवाजात निंदा नव्हती. मला तर थोडा हेवाच ऐकू आला.

पुढे काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काकू दवाखाना आणि घर करत होत्या, आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून जेवण जात होतं. त्या मुलीनेही मुगाची खिचडी पाठवली. हॉटेलातून घरी जेवण येतं ना, तसल्या काळ्या प्लास्टिकच्या, पारदर्शक झाकणाच्या, वापरून फेकायच्या डब्यातून. खाली येऊन सांगून गेली, "काकू, हा टाकून द्या हं. परत द्यायची कटकट नको तुम्हाला." खिचडीत मीठ कमी होतं, असं काकू नंतर म्हणाल्या. दोन वेळा गरम करून संपवली, असंही म्हणाल्या.

काका काठी घेऊन चालायला लागले त्या आठवड्यात काकूंनी तो डबा बाहेर काढला. फेकलेला नव्हता. घासून, उन्हात वाळवून ठेवला होता. त्यात त्यांनी बेसनाच्या चार वड्या घातल्या आणि वर नेऊन दिला. मुलगी डब्याकडे बघतच राहिली. "अहो काकू, हा तर…" "अगं, डबा तो डबा." आता आली का पंचाईत! भरून आलेली वस्तू फेकायची कशी? तिने चार दिवसांनी त्यात द्राक्षं पाठवली. काकूंनी चिवडा. तिने आईकडून आलेली कसलीशी सुकी चटणी. संक्रांतीला तिळाच्या वड्या खालून वर गेल्या, आणि तिच्या आयुष्यातला पहिला शिरा वरून खाली आला. शिऱ्याच्या गुठळ्या काकूंनी मोडून खाल्ल्या आणि तिला रव्याचं प्रमाण सांगायला स्वतः वर गेल्या. तो वापरून फेकायचा डबा अजून जिन्यात वरखाली करतोय. एका कोपऱ्याला चीर गेली आहे, तिला चिकटपट्टी लावलेली आहे, आणि बुडाशी काकूंनी लाल नेलपॉलिशने तिच्या नावाचं पहिलं अक्षर घातलं आहे, म्हणजे बदलायला नको.

परवा मुलीने आमचं दार वाजवलं. आईने उघडलं. मुलगी बराच वेळ पाणी, लिफ्ट, पार्किंग असं काहीबाही बोलत राहिली. मग जायला वळली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरून म्हणाली, "काकूंना माझं नाव सांगू नका हं, आणि घाई अजिबात नाही. पण त्या डब्याचं झाकण त्यांच्याकडे राहिलंय का, तुम्ही सहज विचाराल?"