एकांतगडाची किल्ली

डॉक सॅव्हेजचा मला हेवा वाटतो, पण त्याच्या दंडांमुळे नाही. ब्राँझसारखी कांती, शल्यविशारदाचे हात, रोजचा दोन तासांचा व्यायाम, हे सगळं त्याचं त्याला लखलाभ. मला हेवा वाटतो तो त्याच्या एका सवयीचा. हा माणूस मनात आलं की नाहीसा होतो. कुठे गेला, कधी येणार, जेवायला आहे की नाही, कुणाला पत्ता नसतो. आणि परत आला की त्याला कुणी फैलावरही घेत नाही!

मार्च १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेने या कथानायकाच्या नावाचं मासिक काढलं. किंमत दहा सेंट. लाकडाच्या लगद्याच्या खरखरीत, स्वस्त कागदावर छापली जायची म्हणून या मासिकांना ‘पल्प’ म्हणत. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ज्यांनी पाठ्यपुस्तकात दडवून वाचले, त्यांना या कागदाचा वास वेगळा सांगायला नको.

डॉकची कचेरी न्यूयॉर्कमधल्या एका गगनचुंबी इमारतीच्या शहाऐंशिव्या मजल्यावर. हाताशी पाच मित्र, एकेक आपापल्या विद्येतला दादा. पण त्यातला मंक हा रसायनशास्त्रज्ञ आणि हॅम हा वकील अष्टौप्रहर भांडत असायचे. मंकने डुक्कर पाळलं होतं आणि वकिलाला डिवचायला त्याचं नाव ठेवलं होतं ‘हेबियस कॉर्पस’. अशा कचेरीत बसणाऱ्याला उत्तर ध्रुवाची ओढ लागली तर नवल कसलं? तिकडे, बर्फाळ समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर, त्याचा ‘फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड’ होता. आपण त्याला एकांतगड म्हणू. निळसर, गुळगुळीत, अर्धा चेंडू पालथा घालावा तसा घुमट. आत प्रयोगशाळा. डॉक तिथे जाऊन अभ्यास करायचा आणि नवं काहीतरी शोधून परतायचा.

ध्रुवाकडे पाहण्याची आपलीही रीत आहे म्हणा. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वैदिक आर्यांचं मूळ घरच आर्क्टिकमध्ये नेऊन ठेवलं. पण ते सगळं कुळच्या कुळ होतं. एकट्याने तिकडे बिऱ्हाड थाटायची कल्पना आपल्या पचनी पडायची नाही. आपण फार तर हिमालयात जाऊ, आणि तिथेही शेजारच्या गुहेत कोण आहे याची आधी चौकशी करू.

तर या गडाची पहिली किंमत डॉकला पहिल्याच कथेत मोजावी लागली. तो गडावर असताना वडील वारले. निरोप पोचवायची सोयच नव्हती, कारण ती नसणं हाच तर गडाचा मोठेपणा. मासिक मात्र धाडसाचं, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत खिडकीतून गोळी येते आणि शोक आवरता घ्यावा लागतो.

गडाचं खरं बिंग फुटलं ऑक्टोबर १९३८ च्या अंकात. सैबेरियातून निसटलेला जॉन सनलाइट नावाचा खलनायक नेमका त्या बेटावर पोचला आणि आत शिरला. आत त्याला काय मिळालं? भयंकर शस्त्रांचा साठा! जगाच्या हाती पडू नयेत म्हणून डॉकने ती तिथे नेऊन ठेवली होती. हे वाचलं आणि माझा हेवा जरा उतरला. म्हणजे हा एकांतगड म्हणजे शेवटी माळाच की! मोडायला जीव धजत नाही आणि घरात ठेवायची सोय नाही, अशा वस्तू आपणही वर टाकतो. फरक एवढाच की आमच्या माळ्यावर कुणी चढलाच तर त्याला जुना स्टोव्ह आणि पाय मोडलेला पाळणा मिळेल. त्यावर जग जिंकता येत नाही.

पुढे सुपरमॅननेही एकांतगडाचं हेच नाव उचललं. जून १९५८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मध्ये त्याच्या गडाची किल्ली उघड्यावर पडलेली दिसते. ती एवढी अगडबंब, की वैमानिकांना वाटावं, आपल्याला दिशा दाखवणारा बाण आहे. कुंडीखाली किल्ली ठेवणाऱ्या शेजारणींची ही सख्खी बहीण. आत जाऊन बघावं तर लुईस लेनसाठी एक दालन, जिमी ऑल्सनसाठी एक, बॅटमनसाठी एक. एकांतासाठी ध्रुवावर जायचं आणि तिथे पाहुण्यांच्या खोल्या बांधायच्या! त्याच कथेत गडात कुणीतरी घुसतं, तो निघतो बॅटमन. मित्राला गंमत म्हणून कोडं घालायला आलेला. एकांताला ओळखीचे लोकच भोवतात.

पण या सगळ्यात मला आठवतो लेस्टर डेंट. डॉकच्या १८१ कथांपैकी दीडशेहून अधिक या मिझुरीच्या गृहस्थाने लिहिल्या. बरीच वर्षं महिन्याला एक कादंबरी, १९४९ च्या उन्हाळ्यात मासिक बंद पडेपर्यंत. ज्याच्या नायकाला वाटेल तेव्हा गायब होता येई, त्याला स्वतःला तारखेला मजकूर द्यावा लागे. मुखपृष्ठावर नाव मात्र केनेथ रॉबसन, प्रकाशकाने ठरवलेलं. मला वाटतं डेंटचा गड तोच. त्या नावाआड तो इतका बेमालूम लपला की वाचक डॉकला ओळखत होते, त्याला नाही.

बर्फातला खरा एकांत बघायचा तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. अमेरिकन दर्यावर्दी रिचर्ड बर्ड १९३४ चा हिवाळा अंटार्क्टिकात बर्फाखाली पुरलेल्या एका खोलीत एकटा राहिला. हवामानाच्या नोंदी घ्यायच्या होत्या, आणि थोडी शांतताही हवी होती. त्याचं ‘अलोन’ हे पुस्तक सनलाइटच्या कथेच्याच वर्षी आलं. यात निळा घुमट नाही. स्वयंपाकाचं पुस्तक बरोबर आणायचं राहिलेलं आणि मक्याचं पीठ अंदाजाने पातेल्यात टाकल्यावर ते फुगून फुगून उतू जाणं, असला संसार. मग शेगडीच्या धुराने विषबाधा झाली. माणूस अंथरुणाला खिळला, तरी बिनतारी यंत्रावर तळाला सांगत राहिला की मी ठीक आहे. सोबत्यांना संशय आला तो त्याच्या अडखळत्या संदेशांवरून. ऑगस्टमध्ये तिघेजण ट्रॅक्टर घेऊन अंधारातून त्याच्यापर्यंत पोचले. बर्ड वर आला आणि म्हणाला, खाली चला, गरम सूप आहे. विमान यायला ऑक्टोबर उजाडला. तोवर त्या खोलीत चौघे राहिले.